नव्या शिकारी रायफलची सेफ्टी दगा देते तेव्हा

नवी रायफल घरी आली की बहुतेकांचा पहिला शनिवार स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवण्यात जातो. ते काम आठवडाभर पुढे ढकला आणि आधी अर्धा तास सेफ्टीला, म्हणजे लावला की बार अडवणाऱ्या आणि काढला की उडू देणाऱ्या खटक्याला, द्या. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, आणि कारखान्यात दुरुस्तीला गेलेली रायफल परत यायला कित्येक आठवडे लागू शकतात. दोष ऑगस्टमध्ये घरी सापडला तर नुसती डोकेदुखी. तोच नोव्हेंबरच्या पहाटे, भरलेली रायफल हातात असताना सापडला तर गोळी कुठे जाईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

अमेरिकेत येऊन शिकारीला लागलेले आपल्यातले बरेच जण तिशी-चाळिशीत पहिल्यांदा बंदूक हातात घेतात. गावाकडे पाहिलेली बंदूक म्हणजे कोकणात कुणाच्या तरी घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेली ठासणीची किंवा एकनळी. शिकार तर भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर जवळजवळ बंदच झाली. त्यामुळे घरात कुणी शिकवणारं नसतं, आणि ‘सेफ्टी लावली आहे’ एवढं ऐकलं की नवखा माणूस निर्धास्त होतो. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना घ्यायचा तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. त्यात पहिल्याच तासाला सांगतात की सेफ्टी हे एक यंत्र आहे आणि यंत्र बिघडतं. ऐकताना सगळे माना डोलावतात. नव्या कोऱ्या रायफलबाबत मात्र ते कुणाला खरं वाटत नाही.

जाता जाता एक कायद्याची गोष्ट. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असणाऱ्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. चालू असलेला शिकारीचा परवाना हा त्याला असलेला मुख्य अपवाद. तेव्हा परवान्याची मुदत संपू देऊ नका. रायफल दुरुस्तीला गेली म्हणून ‘या वर्षी कशाला काढायचा परवाना’ असा विचार तर मुळीच नको, कारण ती परत घरात येईल तेव्हा तो लागणार आहे. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही.

सेफ्टी नेमकं काय अडवते

बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढून पुढे ढकलला की आतली फायरिंग पिन तिच्या स्प्रिंगसकट ताणलेल्या अवस्थेत अडकून राहते. तिला अडवून धरणारा छोटा तुकडा म्हणजे सिअर. चाप ओढला की सिअरचा आधार निघतो, पिन सुटते, काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर आदळते आणि बार उडतो. सेफ्टी या साखळीतली एखादी कडी धरून ठेवते. काही रायफलींत ती फक्त चाप धरते, काहींत सिअर, आणि काहींत थेट फायरिंग पिनलाच मागे ओढून कुलूप घालते. जुन्या माउझर ९८ च्या बोल्टमागचा पंखासारखा खटका या तिसऱ्या जातीचा; विंचेस्टर मॉडेल ७० ची तीन जागांची सेफ्टीही तशीच. पिनच धरलेली असली की चापाखाली काही झिजलं, सरकलं तरी बार उडायची शक्यता फार कमी. फक्त चाप धरणाऱ्या सेफ्टीत सिअर आपणहून सुटला तर त्याला अडवायला कुणीच उरत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. रेमिंग्टन मॉडेल ७०० ही १९६२ साली आलेली रायफल अमेरिकेत अफाट खपली. तिच्या जुन्या, वॉकर नावाच्या चापाबद्दल वर्षानुवर्षं एकच तक्रार यायची: बोट चापावर नसताना, सेफ्टी काढल्याबरोबर बार उडाला. त्यात भर म्हणजे १९८२ पर्यंतच्या रायफलींत सेफ्टी लावलेली असली की बोल्टही उघडत नसे. म्हणजे रायफल रिकामी करायची तर आधी सेफ्टी काढणं भाग, आणि घोटाळा व्हायचा तो नेमका तेव्हाच. त्या चापात दोष असल्याचं कंपनीने मान्य केलं नाही, तरी पुढे सामूहिक दाव्याच्या तडजोडीत चाप फुकट बदलून द्यायचं कबूल केलं. दरम्यान २००६ साली एक्स-मार्क प्रो हा नवा चाप आला होता. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात तयार झालेल्या त्या चापाच्या रायफली परत मागवल्या. कारण काय, तर जुळणी करताना चिकटवायचं द्रव्य जास्त लागलं होतं. एवढ्याशा गोष्टीने चाप न ओढता बार उडू शकत होता. दुकानातून रायफल आणताना वरून दिसेल असं त्यात काहीच नव्हतं.

अमेरिकेत टोस्टरपासून पाळण्यापर्यंत सगळ्यावर ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची नजर असते. बंदुका मात्र १९७२ च्या मूळ कायद्यातच त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. सदोष रायफल परत मागवायची की नाही हे बहुतेक वेळा कंपनीच ठरवते. म्हणून तपासणीचा भार आपल्यावर येतो, आणि ती काही फार अवघड नाही.

घरची तपासणी

खोलीतली सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. खिशातली, ड्रॉवरमधली, आणि ‘ती वेगळ्या बोअरची आहेत’ म्हणून राहिलेलीसुद्धा. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढा. बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. नळीचं तोंड तळघराच्या काँक्रीटच्या भिंतीकडे किंवा वाळूने भरलेल्या बादलीकडे राहू द्या. लाकडी घरात शेजारच्या खोलीची भिंत ही भिंत म्हणून धरू नका, गोळीपुढे ती पुठ्ठाच. मधे फोन आला, कुणी हाक मारली, उठून गेलात, तर परत आल्यावर चेंबर पुन्हा चाचपा. मग मॅन्युअल उघडा. रिकामी रायफल चालवून पाहायला तुमच्या मॉडेलमध्ये हरकत नाही ना, ते त्यात दिलेलं असतं. .२२ रिमफायरमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोन्हींचं नुकसान होऊ शकतं. तिथे स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस, वापरा.

पहिल्यांदा नेहमीचा आवाज ओळखून घ्या. बोल्ट बंद, सेफ्टी काढलेली, चाप ओढा. कट्ट. हा पिन सुटल्याचा आवाज, तो कानात बसू द्या. बऱ्याच बोल्टच्या मागच्या टोकाला पिन ताणलेली आहे की नाही हे दाखवणारी खूण असते, तीही पाहून ठेवा.

आता बोल्ट उघडून बंद करा, सेफ्टी लावा आणि चाप नेहमीच्या जोराने ओढा. काही होता कामा नये. बोट चापावरून पूर्ण काढा, चापाभोवतीच्या कडीच्या बाहेर सरळ ठेवा, आणि सेफ्टी काढा. सगळी तपासणी या क्षणासाठी आहे. इथे ‘कट्ट’ झालं तर रायफल नापास. सेफ्टीने पिन अडवली होती असं वाटत होतं, पण सिअर आतल्या आत घसरून नुसता सेफ्टीच्या आधाराने लोंबकळत होता. आवाज झाला नाही तर चाप ओढा, आता पिन सुटली पाहिजे. सुटली नाही तर चाप आपल्या जागी परत आलेला नाही, आणि हाही दोषच.

हे सावकाश, पुन्हा पुन्हा करा. खटका कधी हळू, कधी झटक्यात. मग तो मुद्दाम मधेच थांबवून पाहा, ना इकडे ना तिकडे. त्या अर्धवट जागी चाप ओढा, बोट काढा, आणि मग खटका पुढे सरकवा. २०१७ साली रूगरने आपली मार्क ४ पिस्तुलं परत मागवली ती याच कारणाने. खटका मधोमध असताना चाप ओढला गेला तर पुढे सेफ्टी काढताना बार उडू शकत होता. थंडीत, जाड हातमोज्यांनी खटका अर्धवट राहणं अगदी सहज घडतं. दोन जागांचा चांगला खटका मधे टिकत नाही, या नाहीतर त्या बाजूला जातोच.

शेवटी धक्क्याची परीक्षा. सेफ्टी काढलेली, बोट बाहेर, बोल्ट झपकन पुढे ढकलून बंद करा. पिन ताणलेलीच राहायला हवी. मग दस्त्याचं बूड जाड रबरी पट्टीवर हलकेच आपटा, आणि रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाच्या, दोन्ही बाजूंना तळहाताने थापा मारा. सेफ्टी लावून एकदा, काढून एकदा. हातोडे-बितोडे घेऊ नका. मचाणावर चढताना रायफल शिडीला लागेल तेवढाच धक्का हवा. जमलं तर रायफल थंडीच्या रात्री गॅरेजमध्ये ठेवून सकाळी हीच सगळी परीक्षा पुन्हा घ्या. कारखान्यातून आलेलं जाड तेल गोठून खटका जड झालेला तेव्हाच कळतो.

माझ्या एका मित्राच्या कोऱ्या .३०८ बोअरच्या रायफलची अशीच तपासणी आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये करत होतो. बराच वेळ सगळं ठीक. मग एकदा सेफ्टी काढताना अगदी बारीक आवाज आला, फ्रिजचं दार लागावं इतका मऊ. मित्र म्हणाला, “काही नाही रे, खटक्याचाच आवाज.” पुढे बराच वेळ करून पाहिलं, आवाज काही येईना. तो रायफल पिशवीत घालायला लागला तेव्हा दारात उभ्या वहिनी म्हणाल्या, “भावजी, मघाशी मागची लाल खूण आत गेली होती, मी बघितली. एकदा झालं ते झालंच ना?” त्यांचं बरोबर होतं. कधीतरीच होणारा दोष हा सगळ्यात वाईट, कारण दुकानाच्या काउंटरवर तो हमखास लपून बसतो आणि ‘आम्हाला तर काही दिसत नाही’ हे ऐकून आपण घरी येतो. सेफ्टीच्या बाबतीत एकदा म्हणजे दोष. सरासरी काढायची नाही.

जे दोष नाहीत

उलट घाबरून रायफल परत करायचीही गरज नसते. पिन ताणलेली नसताना बऱ्याच रायफलींची सेफ्टी लागतच नाही, रचनाच तशी आहे. सेफ्टी लावल्यावर बोल्ट उघडला नाही तर मॅन्युअल पाहा. काहींत तो मुद्दाम कुलूपबंद होतो, काहींत मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. सॅव्हेजच्या ॲक्यूट्रिगरमध्ये चापाच्या मधोमध एक पातळ पातं असतं. ते न दाबता चाप कडेने ओढला तर सिअर सुटून मधेच अडकतो आणि आवाज येतो. पण पिन प्रायमरपर्यंत जात नाही, बोल्ट पुन्हा उघडून बंद केला की पूर्ववत. नव्या खटक्याचा कडकपणाही सहसा निवळतो. वरच्या परीक्षेत रायफल पास झाली असेल तर निवांत राहा.

नापास झाली तर

त्या क्षणापासून रायफल बंद. ‘एवढा हंगाम काढू, सेफ्टी वापरायचीच नाही’ हा विचार मनात येतोच, तो झटकून टाका. सेफ्टी काढताना किंवा बोल्ट बंद करताना सिअर सुटत असेल तर बिघाड चापाच्या जुळणीत आहे. मग सेफ्टी न वापरल्याने काहीच वाचत नाही. हंगामापुरती मित्राची रायफल मागून घ्या.

चापाचे स्क्रू फिरवू नका. इंटरनेटवर चाप हलका करायचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि हात शिवशिवतात, हे मान्य. पण सिअर किती धरतो हे ठरवणारा स्क्रू पाव फेरा जरी चुकीच्या दिशेने गेला तरी चांगली रायफलसुद्धा धक्क्याने सुटू लागते. कारखान्याने त्या स्क्रूंवर लाखेसारखा ठिपका दिलेला असतो. तो फुटला की वॉरंटीच्या नावाने बोंब, शिवाय दोष त्यांचा की तुमचा हा वाद वेगळाच. आत डब्ल्यूडी-४० सारखा फवाराही मारू नका. आज मोकळं वाटतं, वाळल्यावर चिकट थर बसतो, आणि खरा दोष काय होता ते कारखान्यालाही कळत नाही. बाहेरचं तेल पुसण्यापलीकडे काही करू नका.

त्याऐवजी फोन उभा करून चित्रीकरण करा. आधी रिकामं चेंबर दाखवा, मग रिसीव्हरवरचा अनुक्रमांक, मग दोष. बोट चापाच्या बाहेर आहे हे स्पष्ट दिसू द्या. कंपनीच्या संकेतस्थळावर सुरक्षा सूचनांच्या पानावर हा अनुक्रमांक टाकून पाहा, रायफल परत मागवलेल्यांत असेल तर तिथेच कळेल.

चेंबरमध्ये काडतूस असताना बिघडली तर

इथे घाई जीवघेणी आहे, म्हणून जरा सविस्तर. पहिली गोष्ट, आणि दुसरीही: नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट बाहेर. रानात सुरक्षित दिशा म्हणजे समोर दहा-पंधरा पावलांवरची मऊ जमीन, जिथे दगड नाही, पाणी नाही, कुणाचा पाय नाही. आकाश ही सुरक्षित दिशा नव्हे.

सेफ्टी लागत नसेल पण बोल्ट उघडत असेल, तर सेफ्टीचा नाद सोडा. बोल्ट सावकाश उघडून काडतूस बाहेर काढा, मॅगझिन काढा, चेंबर चाचपा आणि त्या दिवसाची शिकार तिथेच थांबवा. तीन जागांची सेफ्टी असेल तर खटका मधल्या जागी आणून बोल्ट उघडा, पिन कुलूपबंद असतानाच काडतूस निघतं. सेफ्टी लावलेल्या स्थितीतच अडकली आणि बोल्टही उघडत नाही, ही सगळ्यात अवघड अवस्था. तेव्हा खटक्यावर दगड-पक्कड चालवायची नाही. रायफल गाडीत ठेवायची नाही. विस्कॉन्सिनमध्ये गाडीत भरलेली रायफल नेणं तसंही बेकायदा आहे. जमिनीकडे तोंड करून ती तशीच धरा किंवा एका जागी पक्की ठेवून तिथे थांबा, सोबत्यांना मागे घ्या, आणि फोन करून बंदूक दुरुस्त करणाऱ्याला किंवा वन्यजीव खात्याच्या वॉर्डनला बोलवा. लाज वाटायचं कारण नाही. नेमबाजीच्या सरावाच्या रेंजवर असाल तर सोपं आहे: रायफल समोरच ठेवा, हात वर करा, रेंज ऑफिसरला हाक मारा. लोक करतात ती चूक म्हणजे ‘हे बघा ना’ म्हणत रायफल हातात घेऊन मागे वळणं.

सेफ्टी काढताना बार उडालाच, तर आधी पाहा की सगळे ठीक आहेत ना आणि गोळी कुठे गेली. कुणाला लागलं असेल तर ९११. मग रायफल रिकामी करा, काडतुसाचं रिकामं नळकांडं खिशात ठेवा, आणि खात्री करायला म्हणून पुन्हा भरून पाहू नका.

परत पाठवणं

विकत घेतलेल्या दुकानात आधी जा, पण पैसे परत मिळतील अशी अपेक्षा धरू नका. फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा संघराज्याचा फॉर्म, भरून रायफल तुमच्या नावावर झाली की दुकानदाराच्या दृष्टीने ती जुनी झाली. दुकानदाराचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याच्याकडे संघराज्याचा परवाना असतो आणि रायफल कारखान्यात पाठवायची त्याला सवय असते. दुरुस्तीसाठी परवानाधारक उत्पादकाकडे रायफल पाठवायला कायदा तुम्हालाही मुभा देतो, पण मोठ्या कुरिअर कंपन्या परवाना नसलेल्या माणसाकडून बंदूक सहसा घेत नाहीत. म्हणून दुकानातूनच पाठवा.

आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा. ‘चाप जड आहे’, ‘जरा विचित्र वाटतं’ असलं मोघम बोलू नका. ‘चाप न ओढता, सेफ्टी काढताना फायरिंग पिन सुटते’ हे एकच वाक्य म्हणा आणि ते त्यांच्या नोंदीत जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगा. सेफ्टीचा दोष म्हटला की बहुतेक कंपन्या पाठवणीचा खर्च स्वतः करतात. न सुचवल्यास मागा. स्कोप, पट्टा, वेगळे विकत घेतलेले माउंट काढून घरी ठेवा. काडतुसं त्या खोक्यात अजिबात नकोत, नमुन्यादाखलसुद्धा. आत एक चिठ्ठी टाका, त्यात तोच मजकूर, तुमचा पत्ता आणि व्हिडिओचा दुवा.

दुरुस्त झालेली रायफल कंपनी थेट तुमच्या घरी पाठवू शकते, नवा फॉर्म लागत नाही. रायफलच बदलून दिली आणि अनुक्रमांक नवा असला तर बऱ्याच कंपन्या ती दुकानातून घ्यायला लावतात.

परत आल्यावर

सोबतच्या कागदावर काय बदललं ते वाचा. ‘तपासणी केली, दोष आढळला नाही’ एवढंच असेल तर स्वीकारू नका. व्हिडिओ पुन्हा पाठवा आणि चापाची पूर्ण जुळणी बदलून मागा. आवाज न चढवता, पण लेखी. कागद काहीही म्हणो, वरची सगळी परीक्षा पहिल्यापासून करा. मग रेंजवर, मॅगझिनमध्ये एकाच वेळी एकच काडतूस भरून सुरुवात करा. चाप बदलताना नळी आणि रिसीव्हर दस्त्यातून काढलेले असतात, त्यामुळे नेम सरकलेला असणार. झीरो, म्हणजे स्कोपचा नेम जुळवणं, पुन्हा करावंच लागेल.

कंपनीचा तो कागद आणि फोनवर बोललेल्या तारखा खरेदीच्या पावतीबरोबर एकाच पाकिटात ठेवा. पुढे कधी रायफल विकलीत तर पाकीट घेणाऱ्याच्या हातात द्या आणि सेफ्टीचं काय झालं होतं ते त्याला तोंडाने सांगा. त्याने किंमत थोडी पाडून मागितली तर पाडून द्या.